एकसारखी दिसणारी फुलपाखरं: पंखावरची नेमकी कोणती खूण धरायची?

प्रश्न: आंबुशी

नमस्कार मंडळी. फोटो बरे येतात, पण नाव लावताना गाडी त्याच त्याच जोड्यांवर अडते. ओळखण्याचं अ‍ॅप एकाच फुलपाखराच्या दोन फोटोंना दोन वेगळी नावं देतं, त्यामुळे त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. अडलेल्या जोड्या अशा:

१) प्लेन टायगर (बिबळ्या कडवा) आणि डॅनाइड एगफ्लायची (छोटा चांदवा) मादी. दोन्ही नारिंगी, दोघांच्या पंखाचं टोक काळं आणि त्यात पांढरा पट्टा.

२) ग्रास यलो. कॉमन, थ्री-स्पॉट, स्मॉल, स्पॉटलेस. सगळीच पिवळी, सगळीच पंख मिटून बसणारी. ठिपके मोजायचे म्हणतात, पण नक्की कुठले?

३) कॉमन मॉर्मनची मादी आणि कॉमन रोझ, क्रिमसन रोझ.

४) गवतातली चिमुकली निळी: पेल ग्रास ब्लू, लेसर ग्रास ब्लू आणि त्यांची भावंडं.

५) कॉमन एमिग्रंट आणि मॉटल्ड एमिग्रंट.

प्रत्येक जोडीत सगळ्यात भरवशाची खूण कोणती, ती पंखाच्या कोणत्या बाजूला दिसते आणि त्यासाठी फोटो कसा हवा, एवढं कळलं तरी पुष्कळ. "एकूण ठेवण बघा, सवयीने कळतं" हे उत्तर कृपया नको.

---

उत्तर १: खणमोजणी

आधी पंखाचा नकाशा डोक्यात बसवा. त्यावाचून पुढचं काहीच हाती लागणार नाही. पंख अंगाला जुळतो ते बूड. बुडापासून पंखाच्या साधारण मध्यापर्यंत शिरांनी वेढलेली एक लांबट बंद जागा असते, तिला सेल म्हणायचं. (काही जण 'कोष' म्हणतात, पण मग सुरवंटाच्या कोषाशी गल्लत होते.) सेलपासून बाहेरच्या कडेकडे शिरा फाकत जातात आणि दोन शिरांच्या मधली जागा म्हणजे खण. उडताना पुढे राहते ती पुढची कड, अंगापासून सगळ्यात लांब असते ती बाहेरची कड. ठिपका सेलमध्ये आहे, सेलच्या टोकावर आहे की एखाद्या खणात आहे, हे सांगता आलं की निम्मी ओळख झाली. "मधोमध एक ठिपका आहे" असं म्हटलं तर त्यातून काहीच ठरत नाही.

आता पहिली जोडी. पुढच्या पंखाचं काळं टोक आणि पांढरा पट्टा विसरून जा. नक्कल तिथेच सगळ्यात हुबेहूब जमली आहे. शिवाय दोन्ही जातींमध्ये काळं टोक नसलेली रूपंही असतात आणि मागचा पंख पांढुरका असलेली रूपंही असतात. मूळ जात जशी बदलते, तशी नक्कल करणारीही बदलते. म्हणून सरळ मागच्या पंखाकडे जा.

प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर सेलच्या टोकाच्या आसपास तीन काळे ठिपके असतात. नराला चौथा असतो. तो थोडा खाली, आतल्या बाजूला, मधे फिकट आणि किंचित फुगीर दिसतो. ती त्याची गंधाची पिशवी. म्हणजे तीन ठिपके असतील तर मादी, चार असतील तर नर. पंखांच्या दोन्ही बाजूंनी हे मोजता येतात.

छोट्या चांदव्याच्या मादीच्या मागच्या पंखाचा मधला भाग मोकळा असतो. एकच ठळक काळा ठिपका असतो आणि तोही पुढच्या कडेपाशी. पंख उघडून बसलेली असताना पुढचा पंख थोडा मागे सरकला की हा ठिपका झाकला जातो, पण सेलभोवतीची जागा रिकामी आहे हे तरीही दिसतं. जागा रिकामी म्हणजे टायगर नाही. दुसरी खूण मागच्या पंखाची बाहेरची कड. मादीची कड दंतुर असते आणि काळ्या किनारीत पांढऱ्या चंद्रकोरींच्या रांगा असतात. टायगरची कड गुळगुळीत गोलाकार, किनारीत साधे पांढरे टिपके.

नराबद्दल गोंधळ व्हायचं कारणच नाही. छोट्या चांदव्याचा नर काळा असतो, त्याच्या पंखांवर मोठे पांढरे चांदवे आणि त्यांना जांभळट निळी झाक. नक्कल फक्त मादी करते. टायगरच्या सुरवंटाने रुईच्या कुळातल्या झाडांमधून विष अंगात साठवलेलं असतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. चांदव्याचा सुरवंट घोळीसारख्या साध्या झाडांवर वाढतो, त्याला असलं काही संरक्षण नाही. म्हणून मादी रुईवर अंडी घालताना दिसली तर ती टायगर, घोळीच्या आसपास जमिनीलगत घुटमळत असेल तर आधी चांदव्याचा संशय घ्या. झाडावरून संशयच घ्यायचा, निकाल द्यायचा तो ठिपके मोजून.

स्ट्राइप्ड टायगर यात ओढू नका. त्याच्या प्रत्येक शिरेवर जाड काळी रेघ असते, लांबूनही ओळखू येतो. टेल्ड पामफ्लायची मादी मात्र उघड्या पंखांनी नारिंगी-काळी दिसते आणि फसवते. ती बहुतेक वेळ पंख मिटून सावलीत बसते आणि मिटलेल्या पंखांची खालची बाजू तपकिरी, वाळक्या पानासारखी चितारलेली असते. टायगरची खालची बाजूही नारिंगीच असते, त्यामुळे खालच्या बाजूचा एक फोटो मिळाला की वाद मिटतो.

---

उत्तर २: बहावा_२

ग्रास यलोबद्दल मी लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुकीची नावं या गटात लागतात. त्याचं कारणही एकच आहे: लोक भलताच ठिपका मोजतात.

मोजायचे ते पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूचे, सेलच्या आतले ठिपके. सेलच्या टोकावर मूत्रपिंडाच्या आकाराचं एक मोठं कडं असतं, ते या मोजणीत धरायचं नाही. हे कडं सगळ्यांनाच कमी-अधिक असतं. नवखा माणूस ते धरतो, मग त्याच्या मोजणीत दोनाचे तीन होतात आणि साधा कॉमन ग्रास यलो थ्री-स्पॉट होऊन बसतो.

कडं सोडून सेलमध्ये बुडाच्या बाजूला बारीक तपकिरी खुणा किती ते बघा. दोन असतील तर कॉमन ग्रास यलो (युरेमा हेकाबे). तीन असतील तर थ्री-स्पॉट (युरेमा ब्लांडा). एकच असेल तर वन-स्पॉट (युरेमा अँडरसोनी) असण्याची शक्यता, पण तेवढ्यावर थांबू नका. कॉमनमध्ये एखादा ठिपका पुसट किंवा गायब असतोच, म्हणून एकच दिसला की दुसऱ्या पंखाचाही फोटो बघा. सेल पूर्ण कोरी असेल तर स्मॉल (युरेमा ब्रिगिटा) किंवा स्पॉटलेस (युरेमा लेटा). या दोघांना वेगळं करायला पुढच्या पंखाचं टोक बघायचं. स्मॉलचं टोक गोलसर, स्पॉटलेसचं जवळजवळ काटकोनात छाटल्यासारखं. कोरड्या हंगामातल्या स्पॉटलेसच्या मागच्या पंखाच्या खालच्या बाजूवर तांबूस रंगाच्या दोन जवळजवळ समांतर तिरक्या रेघा असतात. त्या दिसल्या की प्रश्नच उरत नाही.

आता खरी अडचण. ग्रास यलो पंख मिटून बसतं तेव्हा पुढचा पंख मागच्या पंखाच्या आत सरकवून घेतं. सेलचा बुडाकडचा भाग झाकला जातो आणि नेमके तेच ठिपके दिसत नाहीत. मग "ठिपके नाहीत, म्हणजे स्पॉटलेस" असा निष्कर्ष निघतो आणि तो साफ चुकीचा असतो. झाकलेलं आणि नसलेलं यात फरक करा. फुलावर रस पीत असताना किंवा ओल्या मातीवर बसलेलं असताना पुढचा पंख बराच वर येतो, त्या वेळी घेतलेले फोटो कामाचे.

दुसरी खूण वरच्या बाजूची. पुढच्या पंखाच्या बाहेरच्या कडेला काळी किनार असते. कॉमनमध्ये किनारीच्या आतल्या कडेला मधोमध खोल चौकोनी खाच पडलेली असते, कुणी चावा घेतल्यासारखी. थ्री-स्पॉटमध्ये ही खाच उथळ. स्मॉलमध्ये आतली कड बरीच सलग जाते. हे फुलपाखरू पंख उघडून बसत नाही ही गोष्ट खरी, पण उलट्या उजेडात, म्हणजे सूर्य फुलपाखराच्या पलीकडे असताना फोटो घेतला तर पातळ पंखातून वरच्या किनारीची सावली खाली उमटते आणि खाच स्पष्ट दिसते. त्यासाठी मुद्दाम बाजू बदलून दोन फोटो घ्यायचे, एक पुढून उजेड असलेला आणि एक मागून.

पुढच्या पंखाच्या टोकाशी खालच्या बाजूने तपकिरी डाग असेल तर बिचकू नका. कॉमनच्या कोरड्या हंगामातल्या रूपात तो असतो. ती वेगळी जात नव्हे.

आणि सुरवंट दिसला तर पंखांपेक्षा सोपं काम आहे. कॉमनची मादी एकेक अंडं सुटं घालते, सुरवंटाचं डोकं हिरवं. थ्री-स्पॉटची मादी पुंजक्याने अंडी घालते, सुरवंट घोळक्याने खातात आणि डोकी काळी असतात.

एमिग्रंटचंही इथेच आटोपतो. मॉटल्ड एमिग्रंटच्या खालच्या बाजूवर सगळीभर बारीक तपकिरी आडव्या रेषा विखुरलेल्या असतात, पाण्यावर वाऱ्याने उठलेल्या तरंगांसारख्या. कॉमन एमिग्रंटची खालची बाजू गुळगुळीत असते. घोळ होतो तो कॉमनच्या दोन रूपांमुळे. एका रूपात मिशा काळ्या आणि खालच्या बाजूवर ठिपके नाहीत. दुसऱ्यात मिशा लालसर आणि सेलच्या टोकाशी लाल कडेचे रुपेरी ठिपके. पूर्वी या दोन वेगळ्या जाती धरत असत. लालसर मिशा मॉटल्डलाही असतात, त्यामुळे मिशांवरून कॉमन आणि मॉटल्ड वेगळे करायला जाऊ नका. तरंग आहेत की नाहीत तेवढंच बघा. मात्र फोटो थोडा जरी हलला तरी हे तरंग पुसले जातात आणि मॉटल्डचा कॉमन होतो.

---

उत्तर ३: सापसंद

मॉर्मन आणि रोझ यांच्यात पंखांवरच्या खुणा बघत बसलात तर दमाल. आधी अंग बघा.

कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ या दोघांचंही डोकं आणि पोट लालभडक असतं. कॉमन मॉर्मनच्या मादीचं अंग काळं. मादीने पंखांची नक्कल जवळजवळ पूर्ण केली आहे, पण अंगाचा लाल रंग तिला साधलेला नाही. उडतानाचा अस्पष्ट फोटो असला तरी पोटाचा रंग कळतो, म्हणून माझ्या मते सगळ्या जोड्यांमध्ये ही सगळ्यात भक्कम खूण आहे.

मग मादीचं रूप कोणतं ते पंखांवरून ठरवायचं. तिची तीन रूपं आपल्याकडे नेहमी सांगितली जातात. सायरस रूप नरासारखंच दिसतं: काळे पंख, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांचा आडवा पट्टा. स्टिकियस रूप कॉमन रोझची नक्कल: मागच्या पंखाच्या मध्यावर पांढरा डाग आणि कडेला लाल चंद्रकोरी. रोम्युलस रूप क्रिमसन रोझची नक्कल: मागच्या पंखावर लाल ठिपके आणि पुढच्या पंखावर फिकट पट्टे. खऱ्या क्रिमसन रोझच्या पुढच्या पंखावरचे दोन पट्टे स्वच्छ पांढरे असतात. रोम्युलसचे पट्टे मळकट आणि शिरांनी चिरलेले दिसतात.

दोन्ही रोझ सापसंदासारख्या वेलींवर वाढतात आणि त्या वेलीतलं विष सुरवंट अंगात साठवतो. मॉर्मनचा सुरवंट लिंबू आणि कढीपत्त्यावर वाढतो, तिथे असलं विष नाही. अंडी घालताना दिसली तर झाडाचाही एक फोटो घेऊन ठेवा. एक लक्षात असू द्या: एकाच मादीने घातलेल्या अंड्यांमधून वेगवेगळ्या रूपांच्या माद्या निघू शकतात. रूप कोणतं येणार हे 'डबलसेक्स' नावाच्या जनुकाच्या पर्यायांवर ठरतं. त्यामुळे "शेजारी सायरस होती, म्हणून हीसुद्धा मॉर्मनच" किंवा "इथे सगळ्या रोझच दिसतात" असल्या तर्कांना अर्थ नाही. प्रत्येक फुलपाखराचं पोट स्वतंत्र बघायचं.

प्रश्नात नाही, पण याच जातकुळीतली एक जोडी सांगून ठेवते: हळदीकुंकू म्हणजे कॉमन जेझबेल, आणि पेंटेड सॉटूथ. दोघांच्या मागच्या पंखाची खालची बाजू पिवळी, शिरा काळ्या आणि कडेला लाल ठिपक्यांची रांग. ठिपक्यांचा आकार बघा. हळदीकुंकूचे लाल ठिपके बाहेरच्या बाजूला निमुळते, भाल्याच्या पात्यासारखे. सॉटूथचे चौकोनी, ठोकळ्यासारखे. फोटो लांबून घेतला असेल तर मोठा करून दोन-तीन ठिपके तपासा. एकावर भरवसा नको, कारण कडेचा ठिपका झिजून टोकदार दिसू शकतो. सॉटूथ वेगाने उडतं आणि नर ओल्या मातीवर उतरतात. हळदीकुंकू झाडांच्या शेंड्यांवर संथ तरंगतं, बांडगुळाभोवती हमखास.

---

उत्तर ४: निळ्या_ठिपक्या

ग्रास ब्लू. इथे वरच्या बाजूचा निळा रंग विसरायचा. नर-मादीत तो वेगळा असतो, हंगामाप्रमाणे बदलतो आणि कॅमेरा त्याला आणखी बदलतो. काम सगळं खालच्या बाजूवर.

पहिला प्रश्न एकच विचारा: पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला सेलच्या आत ठिपका आहे का? सेलच्या टोकावर एक बारीक आडवी रेघ सगळ्यांनाच असते, ती मोजायची नाही (वर ग्रास यलोच्या कड्याबद्दल जे लिहिलंय तेच इथे). त्या रेघेच्या आतल्या बाजूला, बुडाकडे, सुटा गोल ठिपका असेल तर पेल ग्रास ब्लू किंवा डार्क ग्रास ब्लू. नसेल तर लेसर ग्रास ब्लू.

लेसरची खात्री मागच्या पंखावर करता येते. तिथे बाहेरच्या ठिपक्यांची एक कमान असते. पेलमध्ये ही कमान सलग वळते. लेसरमध्ये वरून दुसरा ठिपका आत, बुडाच्या दिशेने सरकलेला असतो आणि कमान तिथे तुटल्यासारखी दिसते. या दोन्ही खुणा जुळल्या तरच लेसर म्हणा. एक जुळली आणि दुसरी झाकलेली असेल तर "ग्रास ब्लू, जात अनिश्चित" असं लिहिण्यात काही कमीपणा नाही. चुकीच्या नावापेक्षा अपुरं नाव नोंदीसाठी केव्हाही चांगलं.

पेल आणि डार्क यांच्यात: डार्कच्या पुढच्या पंखाचे ठिपके काळेभोर आणि मागच्या पंखाचे तपकिरी, त्यामुळे दोन पंखांत रंगाचा फरक जाणवतो. पेलमध्ये एवढा फरक नसतो. टायनी ग्रास ब्लू या सगळ्यांत छोटं, पण आकारावर जाऊ नका. सुरवंटाला खायला कमी मिळालं की मोठ्या जातीचंही फुलपाखरू खुजं निघतं. टायनीसाठी पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला पुढच्या कडेवर मधल्या भागात बारीक ठिपका शोधा.

मागच्या पंखाच्या कडेला नारिंगी डाग आणि त्यात चकाकते ठिपके दिसले तर तुम्ही ग्रास ब्लू बघतच नाही आहात, ते ग्रास ज्युएल.

फोटोबद्दल: या आकाराच्या फुलपाखरासाठी मॅक्रो भिंग हवंच असं नाही, पण कॅमेऱ्याचा पडदा मिटलेल्या पंखाला समांतर हवा. थोडा जरी तिरका झाला तरी पुढच्या पंखाची कड धूसर होते आणि नेमका सेलचा ठिपका हरवतो. छिद्र एफ ८ च्या आसपास ठेवा, शटर १/४०० सेकंदाहून मंद नको. गवताच्या पात्याच्या उंचीला खाली या. उभ्याने वरून घेतलेल्या फोटोवरून ग्रास ब्लू ओळखता येत नाही.

---

उत्तर ५: पावसाळी_डोळा

वरच्या सगळ्या उत्तरांना एक जोड हवी: हंगाम. ठिपके मोजायची पद्धत जिथे सगळ्यात जोरात आपटते ती जागा म्हणजे कोरड्या हंगामातली रूपं.

रिंग गटाचं उदाहरण घ्या. कॉमन फोर-रिंगच्या मागच्या पंखाच्या खालच्या बाजूवर पिवळ्या कडेचे चार डोळे: वरच्या कोपऱ्याशी एक आणि खालच्या कोपऱ्याकडे तीन. कॉमन फाइव्ह-रिंगला वरच्या कोपऱ्याशी दोन. थ्री-रिंगला एकूण तीन. पावसाळ्यात हे सरळ मोजता येतं. कोरड्या हंगामात मात्र तेच डोळे आकसून बारीक टिंबं होतात, काही तर अजिबात दिसत नाहीत. मग फाइव्ह-रिंगचे तीन मोजले जातात आणि थ्री-रिंगची खोटी नोंद होते. अशा वेळी डोळ्यांची संख्या सोडा, जागा बघा. वरच्या कोपऱ्याशी शेजारी-शेजारी दोन टिंबं आहेत का, ते शोधा. टिंब कितीही बारीक झालं तरी जागा बदलत नाही. मोजताना पुढच्या पंखाचा मोठा डोळा यात मिसळू नका, तो सगळ्यांनाच असतो. खालच्या कोपऱ्यातला जोडडोळा एकच धरायचा.

हे का होतं तेही सांगतो, कारण कळलं की चूक टळते. सुरवंट वाढत असताना मिळालेल्या तापमानासारख्या इशाऱ्यांवरून कोषातून निघणाऱ्या फुलपाखराचं रूप ठरतं. पावसाळ्यात हिरवळ असते आणि फुलपाखरू चपळ असतं, तेव्हा कडेचे मोठे डोळे पक्ष्याची चोच अंगाऐवजी पंखाच्या कडेकडे ओढतात. कोरड्या हंगामात वाळक्या पाचोळ्यात दबून बसणं फायद्याचं, तेव्हा डोळा उलट घात करतो. पीकॉक पॅन्सीत हा फरक टोकाला गेलेला दिसतो. कोरड्या हंगामात त्याच्या पंखांच्या कडा कोनदार होतात, मागच्या पंखाला छोटं शेपूट येतं आणि खालची बाजू वाळक्या पानासारखी, जवळजवळ डोळ्यांवाचून. दोन्ही रूपं शेजारी ठेवली तर दोन जाती वाटतील. वरच्या बाजूचे मोराच्या पिसासारखे डोळे मात्र दोन्हीत असतात, तीच खूण धरायची.

हंगाम बदलण्याच्या दिवसांत मधली रूपंही मिळतात. म्हणून नोंदीत तारीख लिहायचीच, नुसता महिना नको.

---

आंबुशी

सगळ्यांचे मनापासून आभार. जुने फोटो पुन्हा मोठे करून पाहिले. ज्याला मी चांदव्याची मादी म्हणत होते त्याच्या मागच्या पंखावर चार काळे ठिपके आहेत, एकाच्या मधे पांढरं. म्हणजे तो प्लेन टायगरचा नर. पिवळ्यांपैकी दोन फोटोंत सेलचा आतला भाग झाकलेला आहे, ते 'ग्रास यलो' एवढ्यावरच ठेवते. आता आणखी एक: कॉमन क्रो (हबशी) आणि डबल-ब्रँडेड क्रो. दोन्ही तपकिरी-काळे, कडेला पांढरे ठिपके. यांच्यात काय बघायचं?

---

खणमोजणी

नर असेल तर सोपं. पुढच्या पंखाच्या वरच्या बाजूला, खालच्या कडेजवळच्या खणात गंधखवल्यांचा लांबट पट्टा असतो. कॉमन क्रोला एक, डबल-ब्रँडेडला दोन समांतर. पट्टा आजूबाजूच्या रंगापेक्षा थोडा वेगळा चमकतो, त्यामुळे सरळ समोरून आलेल्या उजेडात दिसत नाही. उजेड तिरका पडेल असं उभं राहा. पंख मिटलेले असतील तर थांबा. सकाळी ऊन खायला पंख उघडतात, तेव्हाचा फोटो हवा.

मादीला हा पट्टा नसतो, त्यामुळे 'पट्टा नाही' यावरून जात ठरवू नका. नुसत्या पट्ट्यावर ओळख करायची असेल तर मादीचं नाव 'क्रो' एवढंच ठेवा.

आणि क्रो म्हणण्याआधी पाय मोजा. कॉमन माइम हे स्वॅलोटेल कुळातलं फुलपाखरू क्रोची हुबेहूब नक्कल करतं आणि त्याच्या दुसऱ्या रूपात ब्लू टायगरचीही. खरा क्रो आणि टायगर चार पायांवर उभे असतात, पुढची जोडी आखडून छातीशी धरलेली असते. माइम सहाही पाय टेकतं. शिवाय माइमच्या मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला कडेने पिवळ्या ठिपक्यांची रांग असते. क्रोच्या पंखावर पिवळं काही नसतं.

---

सापसंद

खणमोजणी यांच्या पायांच्या मुद्द्याला एक सावधगिरी. फुलाच्या आत पाय रुतलेले असतील तर चार की सहा ते कळत नाही, तेव्हा पिवळे ठिपकेच बघा. आणि खूण नीट दिसावी म्हणून फुलपाखरू चिमटीत धरू नका. बोटांना जी पावडर लागते ते पंखाचे खवले असतात आणि सगळी नक्षी त्या खवल्यांचीच असते, म्हणजे जी खूण बघायची तीच पुसली जाते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अनेक फुलपाखरांना संरक्षण आहे. फोटो बाजूने एक, वरून एक आणि उलट्या उजेडात एक असे तीन घ्या, तीनही एकाच नोंदीत टाका. क्रोचा पट्टा वरून दिसतो, माइमचे पिवळे ठिपके बाजूने.